फवारणी करूनही वाळवी परत येते, तेव्हा आधी तिचा रस्ता शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात १८ वर्षं जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बेडरूममधल्या वॉर्डरोबच्या मागच्या प्लायवर मातीच्या रेषा दिसल्या. बाथरूमच्या दाराची चौकट खालून पोकळ लागते. मार्चमध्ये पेस्ट कंट्रोलची फवारणी केली आणि दोन महिन्यांत माती पुन्हा दिसायला लागली. सुतार म्हणतो सगळा वॉर्डरोब काढा, दुसरा पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो घरभर फरशीच्या कडेने भोकं पाडू. घरात आठ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून मीठ, कडुनिंबाचं तेल किंवा रॉकेल यांवर भागेल का, असं तुम्ही विचारता.

तुम्ही या दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, वॉर्डरोबची एक आणि चौकटीची एक. माझा अंदाज आहे की वॉर्डरोब ज्या भिंतीला टेकला आहे तिच्याच पलीकडे बाथरूम आहे. तसं असेल तर तक्रार एकच आहे आणि ती लाकडाची नाही, भिंतीची आहे. लाकडावर दिसते ती वाळवीची जेवायला आलेली मंडळी. त्यांना मारून वसाहतीला फारसा फरक पडत नाही, कारण राणी आणि पिल्लावळ भलतीकडेच असते. म्हणून पहिला प्रश्न ‘कुठलं औषध’ हा नाही. वाळवी आत येते कुठून आणि तिला पाणी मिळतं कुठून, हे आधी कळलं पाहिजे. या दोन गोष्टी कळल्याशिवाय केलेली फवारणी दोन-तीन महिन्यांची उसंत देते, त्यापलीकडे काही नाही.

दुसऱ्या मजल्यावर वाळवी चढते कशी, याचं अनेकांना नवल वाटतं. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा चालत नाही, पण अंधारी, दमट फट मिळाली तर ती चार-पाच मजलेही चढते. इमारतीत अशा जागा ठरलेल्या असतात: सांडपाण्याच्या पाइपांचा डक्ट, भिंतीतले वायरिंगचे पाइप, लिफ्टचा खड्डा, दोन विंगमधला सांधा. डक्टच्या तळाशी बांधकामाच्या वेळचा राडारोडा आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे तसेच पडलेले असतात, आणि त्यावर वरच्या पाइपांचं पाणी ठिबकत असतं. वाळवीला याहून चांगली जागा शोधूनही मिळायची नाही. जुन्या बाथरूमच्या खाली बहुतेक ठिकाणी संकन स्लॅब असतो, म्हणजे खोलगट भाग विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी केलेली. त्यातलं वॉटरप्रूफिंग गेलं की ती भर बारा महिने ओली राहते. बाथरूमच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग सगळ्यात आधी पोखरला जातो, तो याचमुळे.

आता घरात बघायचं कसं ते सांगतो. लागेल ते साहित्य असं: टॉर्च, जाड पेचकस, सेलोटेप, तारीख टाकायला मार्कर. मातीची रेष दिसली की लगेच पुसून टाकू नका. मधलाच दोन इंच भाग पेचकसाने मोडा, दोन्ही टोकं तशीच ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. माती आतून ओलसर असेल, पांढुरक्या कामकरी वाळव्या धावताना दिसल्या, तर रस्ता चालू आहे. कोणीच दिसलं नाही तरी तीन-चार दिवसांनी पुन्हा बघा. मोडलेला भाग परत बांधलेला असेल तर तोच निकाल. कोरडी, भुसभुशीत, बोटाने झडणारी माती म्हणजे सोडून दिलेला रस्ता. पण त्यावरून वसाहत मेली असं धरू नका, तिने फक्त वाट बदललेली असू शकते.

मग पेचकसाच्या मुठीने लाकूड ठोकत जा. चौकटीची खालची दोन फूट, झडपेच्या बिजागऱ्यांची बाजू, वॉर्डरोबच्या मागचा प्लाय, माळ्याची फळी, बेडच्या बॉक्सचा तळ, देव्हाऱ्याची मागची बाजू. भरीव लाकडाचा आवाज घट्ट येतो, पोखरलेल्याचा हलका आणि पोकळ. शंका आली तिथे पेचकसाचं टोक दाबा. वरचा रंग किंवा सनमाइका शाबूत असतो आणि आत टोक सहज शिरतं. रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, जुन्या वह्या भिंतीला टेकून ठेवल्या असतील तर त्यांचा तळ उचलून बघा. स्विचबोर्डच्या कडेला माती दिसली तर त्याची नोंद ठेवा पण हात लावू नका, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एक बारीक परीक्षा आहे, ती बहुतेक जण करत नाहीत. रेष मोडल्यावर पांढऱ्या कामकऱ्यांत काही पिवळट-तपकिरी, मोठ्या डोक्याचे शिपाई दिसतील. एकाला सुईने हलकेच डिवचा. त्याच्या कपाळातून दुधासारखा पांढरा थेंब आला तर ती कॉप्टोटर्मिस जातीची वाळवी समजा. ही जात ओल मिळाली तर भिंतीच्या पोकळीतही घरटं करते, तिला दर वेळी जमिनीत परतावं लागत नाही. शेतात वारूळ करणाऱ्या ओडोंटोटर्मिससारख्या जाती मातीखाली बुरशीची शेती करतात, त्यामुळे त्यांना जमिनीशी संबंध तोडून जगता येत नाही. उपाय यावर थोडा बदलतो. दुधाचा थेंब दिसला तर तुमच्या मजल्यावरची गळती काढणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. दिसला नाही तर तळमजल्यावर, डक्टच्या पायथ्याशी काम केल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि मुळात वाळवीच आहे ना, हेही बघून घ्या. माती अजिबात नाही, फक्त लाकडाखाली मैद्यासारखी बारीक भुकटी आणि लाकडावर एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर तो भुंगेरा आहे, वाळवी नव्हे. मुंबई, कोकण, गोव्याकडच्या दमट हवेत आणखी एक प्रकार आढळतो, कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. तिच्याही कामात माती नसते. लाकडाखाली खसखशीएवढ्या कणांचा छोटा ढीग पडतो, भिंगातून बघितलं तर प्रत्येक कण सहा बाजूंचा दिसतो. या दोन्हींसाठी भिंतीत किंवा जमिनीत औषध सोडणं म्हणजे पैसे पाण्यात, उपचार त्या लाकडातच करावा लागतो. तुमच्याकडे मातीच्या रेषा आहेत, तेव्हा ही शंका तुमच्यापुरती मिटली.

पहिल्या पावसाच्या सुमारास संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, त्याने घाबरून जाऊ नका. ते बाहेरच्या वारुळांतलेही असतात. चारही पंख एकाच लांबीचे, कंबर सरळ, मिश्या मण्यांच्या माळेसारख्या, म्हणजे वाळवी. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. खिडकी बंद असताना घरातच, चौकटीच्या फटीतून किंवा स्कर्टिंगमधून ते बाहेर पडले तर मात्र वसाहत घराच्या आत किंवा अगदी लगत आहे.

मार्चची फवारणी का फसली? बिल किंवा कार्डावर औषधाचं नाव असेल तर बघा. बहुतेक वेळा झुरळांसाठीचंच एखादं पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक वर्ग) लाकडावर आणि स्कर्टिंगवर मारलेलं असतं. या वर्गातल्या बऱ्याच औषधांची वाळवीला चाहूल लागते. समोरच्या काही मरतात, बाकीच्या तो बोगदा बंद करतात आणि फूटभर बाजूने दुसरा काढतात. बाजारातल्या डासमार कॅनचंही तेच होतं, म्हणून उपचाराआधी रेषेवर काहीही फवारू नका. इमिडाक्लोप्रिड आणि फिप्रोनिल या वेगळ्या गटातल्या औषधांचा त्यांना पत्ता लागत नाही. त्यातून त्या ये-जा करतात, एकमेकींना चाटून-भरवून औषध पसरवतात आणि काही दिवसांनी मरतात. घराच्या आत, चालू असलेल्या वाळवीसाठी मी याच गटातलं औषध सुचवतो.

प्रमाण तोंडपाठ ठेवा, कारण गडबड इथेच होते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे लिटरला २.१ मिली, म्हणजे १० लिटरच्या बादलीला २१ मिली. २५० मिलीची बाटली साधारण ११९ लिटर पाण्याला पुरते. तेव्हा कोणी २०० लिटर औषध सोडल्याचं सांगत असेल आणि रिकामी बाटली एकच दाखवत असेल, तर हिशेब तुम्हीच करा. बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसी लिटरला २० मिली, पण तेही पायरेथ्रॉइडच, बाहेरच्या मातीत अखंड पट्टा करायला चांगलं, आत मोजक्या भोकांसाठी नाही. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी १ लिटरला १९ लिटर पाणी. हे स्वस्त आणि सर्वत्र मिळतं, पण उग्र वास येतो आणि बाळ असलेल्या घरात खोलीच्या आत ते मी वापरायला सांगणार नाही. बाटली तुमच्या समोर फोडायला लावा, मुदत वाचा, मापं समोर घालायला सांगा. कंत्राटदाराकडे कृषी विभागाचा कीटकनाशक परवाना आहे का, हेही विचारा. चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही.

आता ‘घरभर भोकं’ या सल्ल्याबद्दल. भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतींवरील उपचार दिले आहेत. त्यात फरशी आणि भिंतीच्या सांध्यात १२ मिमीची भोकं, दर ३०० मिमीवर, भोकाला जास्तीत जास्त १ लिटर, असं सांगितलं आहे. पण हे तळमजल्यासाठी, जिथे फरशीखाली माती आहे. तुमच्या फरशीखाली दोन इंच बेडिंग आहे आणि त्याखाली स्लॅब. तिथे भोकाला लिटरभर ओतलं तर ते खालच्यांच्या छतातून टपकेल. वॉटरप्रूफिंगचं नुकसान होईल ते वेगळंच. तेव्हा घरभर नको. बाथरूमलगतची ती एक भिंत, तिला काटकोनात जुळणाऱ्या दोन्ही भिंतींचे पहिले तीन-चार फूट आणि चौकट, इतकंच करा.

भिंतीत स्कर्टिंगच्या लगेच वर, खाली उतरत्या ४५ अंशांत, फुटाफुटावर १२ मिमीची भोकं घ्यायची, शक्यतो विटांच्या सांध्यात. तुमच्या काळातल्या इमारतीत आतली भिंत बहुधा चार इंची असेल, म्हणून खोली अडीच इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर पलीकडची बाथरूमची टाइल फुटते. कॉलम आणि बीम सोडून द्या. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो. नळाच्या पाइपची जागा आधी खडूने आखून घ्या. औषध हातपंपाने हळू सोडायचं, भिंत प्यायची थांबली आणि ओघळ आला की थांबायचं, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा द्यायचं. नंतर भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. (बऱ्याच नव्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात, तिथे हा प्रकार करूच नये. तिथे फक्त पाइपांभोवतीच्या फटी आणि चौकटी हाताळायच्या.)

चौकटीसाठी ६ मिमीचं ड्रिल, लाकूड आणि भिंत यांच्या सांध्यात, तसंच उतरतं. तळापासून सुरुवात करून वर जायचं, कारण वाळवी खालून चढलेली असते. पोखरलेल्या भागाला एका भोकात बरंच औषध लागतं. ते कुठून बाहेर येतं ते बघा, आतला बोगदा कुठवर गेला आहे ते त्यावरून कळतं. वॉर्डरोबच्या प्लायमध्ये मागच्या बाजूने ३ मिमीची भोकं, सहा-सहा इंचांवर, एकाआड एक खालीवर, आणि जाड सुईच्या सिरिंजने लाकडासाठीचं तेलमिश्रित औषध. सनमाइकावर ते सांडलं तर डाग राहतो, आधी मास्किंग टेप लावून घ्या. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ असेल तर पाण्यात कालवलेलं काहीही सोडू नका, फुगून येतं. तसा पोखरलेला भाग काढून टाकणंच स्वस्त पडतं.

स्विचबोर्डमध्ये माती असेल तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या आणि कोरड्या ब्रशने माती झाडा. तिथे कुठलंही द्रव औषध नाही, रॉकेल तर नाहीच. भिंतीचा उपचार होऊन दोन-तीन आठवडे गेले आणि माती परत आली नाही, की पाइपचं तोंड सिलिकॉनने बंद करायचं.

तळमजल्याचं काम सोसायटीच्या हातात आहे आणि खरं सांगायचं तर अर्धी लढाई तिथेच आहे. डक्टचा तळ साफ करून लाकडाचा तुकडा न तुकडा बाहेर काढायला सांगा, गळके पाइप दुरुस्त करून घ्या. मग इमारतीच्या त्या बाजूला, जोत्याला चिकटून, पेव्हरमधून १२ मिमीची भोकं फुटाफुटावर, खालच्या मातीपर्यंत पोचतील इतकी खोल, आणि मीटरला सव्वादोन लिटर औषध. मोकळी माती असेल तर उथळ चर खणून भिंतीच्या बाजूला मीटरला पावणेदोन लिटर. एक इशारा इथे द्यायलाच हवा. जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा बोअर त्या बाजूला असेल तर त्याच्या आसपास औषध सोडायचंच नाही, मग पट्टा तुटला तरी चालेल. तशा जागी बेट (आमिष) लावता येतं, म्हणजे वाळवीला खाऊन वसाहतीत न्यायला लावणारं मंद औषध. त्याला काही महिने लागतात आणि खर्चही जास्त, पण पाण्याला धोका राहत नाही.

मीठ, कडुनिंब, व्हिनेगर, रॉकेल यांचं उत्तर एकच: ज्या वाळवीवर थेट पडतील ती मरेल किंवा हटेल, भिंतीच्या आतल्या वाळवीपर्यंत यातलं काही पोचत नाही. मिठाच्या पाण्याने उलट भिंतीला ओल धरते आणि प्लास्टरला पोपडे येतात. बोरिक पावडर किंवा बोरॅक्स ही थोडी वेगळी गोष्ट आहे. कोऱ्या, रंग न दिलेल्या लाकडात मुरवली तर ती खरंच टिकाऊ संरक्षण देते, पण सनमाइका आणि पॉलिशमधून आत जात नाही. आणि बोरिक ‘घरगुती’ वाटली तरी बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवायची वस्तू नाही.

बाळाबद्दल: तुमच्या घरी खोलीभर फवारणी नको, फक्त भोकांतून सोडणं, म्हणजे हवेत आणि फरशीवर औषध कमीत कमी येतं. त्या दिवशी बाळाला आजी-आजोबांकडे किंवा शेजारी ठेवा, निदान रात्रभर तरी, आणि लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. पाळणा, खेळणी, अंथरुणं आधीच दुसऱ्या खोलीत हलवा. फिशटँक असेल तर झाकून हवेचा पंप बंद ठेवा. काम झाल्यावर सगळे ओघळ साबणाच्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा आणि खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावा. रांगणारं मूल भिंतीच्या कडेनेच फिरतं, म्हणून बुजवलेली भोकं आणि स्कर्टिंग पुन्हा एकदा हात फिरवून तपासा.

वॉर्डरोबचं काय? सुतार पूर्ण चुकलेला नाही, पण त्याने क्रम उलटा धरला आहे. आधी गळती, मग भिंत, मग लाकूड. आजच नवा प्लाय लावलात तर चालू रस्त्याच्या तोंडाशी ताजं जेवण वाढल्यासारखं होईल. उपचारानंतर आठ-दहा दिवस मातीच्या रेषा तशाच राहू द्या, औषध पसरायला वेळ मिळतो. मग खरवडून भिंत स्वच्छ करा, तारीख लिहा. महिन्याने आणि तीन महिन्यांनी तिथेच बघा. तीन महिने नवी माती आली नाही तर मागचा प्लाय बदला. बाजूच्या फळ्या पेचकस दाबूनही घट्ट लागत असतील तर त्यांना हात लावायचं कारण नाही.

नवा प्लाय घेताना दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे, वाळवी लागणार नाही’ म्हणेल. वॉटरप्रूफ म्हणजे थर चिकटवणारा डिंक पाण्याने सुटत नाही, एवढंच. वाळवीसाठी प्लाय औषध मुरवलेला हवा, तसं छापलेलं आणि बिलावर लिहिलेलं हवं. तरीही सुताराने कापलेली प्रत्येक कड आणि मागची बाजू उघडी राहते, तिथे लाकडाच्या औषधाचे दोन हात आणि वर प्रायमर द्यायला सांगा. वॉर्डरोब आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवा, पुढच्या वेळी टॉर्च तरी आत जाईल. चौकट बदलायचीच असेल तर बाथरूमला लाकडी घेऊच नका, ग्रॅनाइटची बसवा.

वॉरंटीचा कागद येईल, त्यात ‘पाच वर्षं’ ठळक असेल. खालच्या बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की वाळवी परत आली तर उपचार पुन्हा फुकट, फर्निचरची भरपाई नाही, आणि ‘घरात गळती आढळल्यास लागू नाही’. म्हणून बाथरूमची गळती काढल्याचं बिल आणि तारखेसह फोटो त्याच फाइलमध्ये ठेवा. भिंत हात टेकवून ओलसर लागते की नाही, हे बाथरूम शक्य तितका वेळ कोरडं ठेवून आणि मग वापरून तपासता येईल. फरक लागला तर पेस्ट कंट्रोलवाल्याच्या आधी प्लंबरला बोलवा.